लहान लेकराचा ताप : घरी काय करायचं आणि घर केव्हा सोडायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विदर्भात पहिला पाऊस पडून गेला की हे प्रश्न सुरू होतात ते कापूस वेचणीपर्यंत संपत नाहीत. मग एप्रिलमध्ये ऊन तापलं की वेगळ्या रूपात परत येतात. ही उत्तरं मुख्यतः १ ते ५ वर्षांच्या लेकरांसाठी आहेत. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग तापलं असेल तर हे वाचत बसू नका. औषध न देता, पट्ट्या न ठेवता थेट रुग्णालयात न्या.

१. हात लावला की अंग गरम लागते. ताप आहे हे पक्कं कसं समजायचं?

थर्मामीटरनं. काहीतरी बिनसलंय हे आजीचा हात बरोबर सांगतो, पण ९९ आहे की १०३ हे त्याला सांगता येत नाही. तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये डिजिटल थर्मामीटर मिळतो, तोच घ्या. पाऱ्याचा काचेचा नको. फुटला की पारा घरभर होतो.

पाच वर्षांच्या आत तोंडात ठेवू नका, काखेत ठेवा. आधी काखेतला घाम पुसा, टोक नीट खोबणीत बसवा, हात अंगाशी धरा आणि बीप वाजेपर्यंत थांबा. काखेत ९९.५ फॅरनहाइट (३७.५ सेल्सिअस) किंवा वर दिसलं तर ताप समजायचा. "काखेतल्या आकड्यात एक मिळवायचा का?" असंही बरेच जण विचारतात. मिळवू नका. जो दिसला तो लिहा आणि डॉक्टरांना "काखेत मोजला" एवढं सांगा. कपाळासमोर धरायचं यंत्र उन्हातून आलेल्या लेकराच्या बाबतीत हमखास फसवतं.

२. ९९.८ आहे. औषध देऊ का?

नको. ताप हा आजार नव्हे; शरीर जंतूंशी लढत असल्याची ती खूण आहे. औषध द्यायचं ते लेकराचा त्रास कमी व्हावा म्हणून, आकडा खाली आणायला म्हणून नाही. १०१ च्या पुढे ताप आणि लेकरू किरकिरतंय, अंग दुखतंय, पीत नाही, झोपत नाही, तर द्या. तेवढाच ताप असून अंगणात कोंबडीमागे धावत असेल तर नाही दिलं तरी बिघडत नाही. झोपलेल्याला उठवून तापाचं औषध पाजायची तर गरजच नाही.

३. पॅरासिटामॉल नेमकं किती द्यायचं? बाटलीवर वयानं लिहिलं आहे, डॉक्टर वजनानं सांगतात.

वजनानं. आपल्याकडे दोन वर्षांचं एक लेकरू तेरा किलोचं असतं आणि शेजारच्या घरचं आठ किलोचं. वयावर गेलात तर दुसऱ्याला औषध जास्त जाईल. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीच्या नोंदीत गेल्या महिन्याचं सापडेल.

एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. गोंधळ होतो तो सिरपच्या ताकदीवरून. बाजारात एकाच नावाच्या दोन बाटल्या असतात. एकीवर "५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ" (कधी १२०) लिहिलेलं असतं, दुसरीवर "५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ". लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा :

- १२५ चं सिरप : वजनाच्या निम्मे मिली. १० किलोला ५ मिली, १२ किलोला ६ मिली.
- २५० चं सिरप : वजनाच्या पाव मिली. १० किलोला अडीच मिली, १२ किलोला ३ मिली.
- थेंबांची बाटली याहून कितीतरी तीव्र असते, बहुतेक वेळा १ मिलीत १०० मिग्रॅ. त्यात १० किलोला सव्वा मिली पुरतं. सिरपच्या मापानं थेंब पाजणं ही घरात होणारी सगळ्यात धोकादायक चूक आहे.

दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा. फारच गरज पडली तर चार तासांनी चालतं, पण २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस कधीच नाही. माप बाटलीसोबतच्या टोपीनं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं घ्या. घरचा चमचा कुणाचा तीन मिलीचा निघतो, कुणाचा सातचा. किती वाजता किती दिलं हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर आई एकदा देते आणि तासाभरानं आजीही देते.

मोठ्या माणसाची ५०० किंवा ६५० ची गोळी अंदाजानं तोडून देऊ नका. आणि औषधाची बाटली फवारणीच्या डब्यांजवळ, त्याच फळीवर, कधीही नको.

४. औषध देऊन तास झाला, ताप १०३ चा १०१ वर आला. उतरला काऊन नाही?

उतरला की. पॅरासिटामॉलचं काम एवढंच असतं : अर्ध्या-एक तासात परिणाम सुरू होतो आणि ताप एक-दोन अंशांनी खाली येतो. ९८.६ होण्याची वाट बघू नका. त्या वेळात लेकरू उठून पाणी मागतंय का, तुमच्याकडे बघून हसतंय का, हे बघा. ताप कमी झाल्यावरही मलूलच पडून असेल तर तो आकडा कितीही असो, प्रश्न ११ वाचा.

५. औषध दिलं आणि लगेच ओकलं. परत द्यायचं का?

पंधरा मिनिटांच्या आत सगळं बाहेर पडलं असेल तर एकदाच परत द्या. अर्धा तास उलटून गेला असेल तर नको, पुढच्या वेळेची वाट बघा. दरवेळी ओकत असेल तर घरचे प्रयत्न संपले, असं समजून निघा.

६. पट्ट्या कशाच्या ठेवायच्या? मिठाच्या, बर्फाच्या, की साध्या पाण्याच्या?

साध्या, कोमट पाण्याच्या. कोपर बुडवल्यावर ना गरम ना गार लागेल असं पाणी घ्या. मीठ घातल्यानं काही वाढत नाही, घटत नाही.

बर्फ आणि माठातलं गार पाणी नको, त्याचं कारण आहे. गार पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लेकरू कुडकुडू लागतं आणि कुडकुडण्यानं शरीर आतून आणखी उष्णता तयार करतं. वरून कपाळ गार लागतं, आत ताप तसाच. स्पिरिट, कोलनवॉटर, व्हिनेगर अजिबात नको. लहान लेकराच्या कातडीतून आणि श्वासातून ते अंगात जातं.

नुसतं कपाळावर फडकं ठेवल्यानं फारसं काही होत नाही. मान, काख, जांघ, पाठ आणि पोट ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि अंगावरचं पाणी वाऱ्यानं सुकू द्या. औषध दिल्यावर अर्ध्या तासानं सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. लेकरू रडून आकांत करत असेल किंवा थरथरत असेल तर थांबवा. पट्ट्या हा आरामाचा उपाय आहे. रात्रभर आळीपाळीनं बसून त्या बदलत राहिल्यानं आजार लवकर जात नाही, घरची माणसं मात्र थकतात. उन्हाळ्यात ऊन लागलं असेल तर हा नियम उलटतो, ते प्रश्न १७ मध्ये.

७. थंडी वाजून येते तेव्हा गोधडीत गुंडाळायचं की नाही? सासूबाई म्हणतात घाम आला की ताप जातो.

ताप चढताना हातपाय गार पडतात आणि पोट-डोकं तापतं. त्या वेळी लेकरू खरंच कुडकुडत असतं, तेव्हा एक पातळ चादर द्या. कुडकुडणं थांबलं की काढा आणि सुती झबलं तेवढं राहू द्या. सासूबाईंनी घाम आणि ताप उतरणं एकाच वेळी पाहिलेलं असतं, निरीक्षण खोटं नाही. फक्त क्रम उलटा आहे : ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो. दोन गोधड्यांखाली कोंडलं तर उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही.

८. आंघोळ घालू का? पंखा, कूलर चालेल का?

तिन्ही चालेल. आंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट, कूलरचा झोत थेट अंगावर नको.

९. दोन दिवस झाले, काहीच खात नाही. काय देऊ?

खाण्याची काळजी सोडा, पिण्याची करा. अंगावर पीत असेल तर दूध मागेल तेवढ्या वेळा द्या. "आईनं थंड खाल्लं म्हणून बाळाला ताप आला" यात तथ्य नाही, आईला उपाशी ठेवू नका. मोठ्याला भाताची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, पातळ ताक, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, ज्वारीची आंबील द्या. एका वेळी दोन-तीन चमचे, पण दर पाच-दहा मिनिटांनी. केळ, दही, भात मागितलं तर खुशाल द्या. तापात दही चालत नाही असा नियम वैद्यकात नाही. जुलाब-उलट्याही असतील तर ओआरएसचं पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (मोठं पाकीट एक लिटरमध्ये) कालवा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये अंदाजानं करत बसू नका.

लघवीवर नजर ठेवा. सहा-आठ तासांत एकदाही झाली नाही किंवा गर्द पिवळी होतेय तर पाणी कमी पडतंय.

तुळशीचा रस मधात चाटवायचा असेल तर लेकरू एक वर्षाच्या वरचं हवं. त्याआधी मध धोक्याचा आहे. गुळवेलीचा काढा लहानांना देऊ नका.

१०. माह्या पोराले रातच्याला ताप चढते, दिवसा बरा राहते. असं काऊन?

शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त असतं, ताप नसतानाही. ताप त्याच लयीवर स्वार होतो. त्यामुळे सकाळी ९९ दिसला म्हणून "गेला" असं धरू नका आणि रात्री १०२ दिसला म्हणून "वाढला" असंही नाही. आजच्या संध्याकाळची तुलना कालच्या संध्याकाळशी करा. मात्र दिवसाआड थंडी वाजून ठरल्या वेळी चढत असेल तर मलेरियाची तपासणी करा (प्रश्न १८).

११. कोणत्या लक्षणांवर वाट न पाहता दवाखाना गाठायचा?

सगळं पान विसरलात तरी चालेल, हे उत्तर लक्षात ठेवा. यांपैकी एक जरी दिसलं तरी निघा, ताप १०० असो की १०४ :

- काहीच पीत नाही, किंवा प्यायलेलं सगळं ओकतं
- झटके आले
- उठवून उठत नाही, नजर देत नाही, अंग ढिलं पडलंय
- श्वास जोरात चालतोय किंवा बरगड्यांखाली खळगा पडतोय
- मान आखडली आहे
- अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले आहेत
- डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, लघवी नाही

श्वास मोजायचा तर लेकरू शांत असताना झबलं वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. १ ते ५ वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त, आणि २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त म्हणजे जलद. ताप उतरल्यावर परत मोजा. तरीही जलदच असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची.

शहरासाठी लिहिलेल्या माहितीत नसते अशी एक गोष्ट. आपल्याकडे निर्णय दिवस मावळायच्या आत घ्यावा लागतो. गावाला येणारी शेवटची एसटी किती वाजता आहे, नाल्यावर पाणी आहे का, शेजारची गाडी आज गावात आहे का, हे पाच वाजता ठरवा. लक्षणं काठावर असतील तर शहरातल्या माणसाला "रात्रभर बघू" परवडतं. तुम्ही संध्याकाळीच तालुक्याला नातेवाइकाकडे मुक्काम करा. उगाच गेलो असं वाटलं तरी वाटू द्या. १०८ ला फोन करा, पण गाडीला वेळ लागणार असं कळलं तर मिळेल त्या वाहनानं निघा. सोबत औषधांच्या बाटल्या, वेळा लिहिलेला कागद आणि लसीकरणाचं कार्ड घ्या.

१२. १०४ झाला. ताप डोक्यात चढतो, मेंदू खराब होतो म्हणतात.

साध्या संसर्गाच्या तापानं मेंदूला इजा होत नाही. शरीर तापाला स्वतःच एका मर्यादेत ठेवतं. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वर, मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया किंवा उष्माघात यांनी. म्हणून १०४ ला घाबरायचं ते आकड्यासाठी नाही, त्यामागे काय आहे ते शोधायला. इतका ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच.

१३. तापात झटका आला तर त्या क्षणी काय करायचं?

पहिल्यांदा घड्याळ बघा. हे सांगायला सोपं आहे, डोळे फिरवलेलं लेकरू समोर असताना अवघड आहे, तरी बघा. लेकराला जमिनीवर कुशीवर वळवा म्हणजे लाळ-ओकारी बाहेर जाईल. गळ्याभोवतीचं सैल करा. दातांत चमचा, बोट, कापड काहीही घालू नका. पाणी, औषध तोंडात ओतू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्यानं झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, त्या वेळी कांदा नाकाशी असतो म्हणून श्रेय कांद्याला जातं.

पाच मिनिटं झाली तरी थांबला नाही तर १०८, किंवा हातात असलेलं वाहन.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरात दोन ते पाच लेकरांना तापाचा झटका येतो. ही मिरगी नव्हे, आणि साध्या झटक्यानं बुद्धी मंद होत नाही. एकदा आलेल्या सुमारे तिघांपैकी एकाला पुढच्या एखाद्या तापात परत येतो. वेळेवर पॅरासिटामॉल दिल्यानं तो टळतो असं आढळलेलं नाही, त्यामुळे "मी औषध उशिरा दिलं" असा दोष आईनं स्वतःला लावून घेऊ नये आणि घरच्यांनी तर मुळीच लावू नये.

पहिला झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवा. अंगाच्या एकाच बाजूला आला, एका दिवसात दोनदा आला, किंवा थांबून तासभर झाला तरी लेकरू ओळख देत नाही, तर तो साधा झटका समजू नका. आपल्या भागात चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर होतो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात हा विषाणू पहिल्यांदा सापडला, नाव तिथलंच. २००७ मध्ये नागपूर विभागात त्याची साथ आली होती. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते, आणि ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत लेकरू बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं. भेगा लिंपून घेणं आणि लेकराला मच्छरदाणीत झोपवणं, इतकं घरच्या हातात आहे.

१४. पॅरासिटामॉलनं भागत नाही. मेडिकलवाला दुसरं "जोरदार" औषध देतो. देऊ का?

बाटलीवरचं नाव वाचा. निमेसुलाइड असेल तर परत करा. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. अॅस्पिरिन लहानांना नाही. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिड डॉक्टर देतात, पण पावसाळ्यानंतर डेंगीची शंका असताना ती रक्तस्राव वाढवू शकतात, आणि पाणी कमी पडलेल्या लेकराच्या मूत्रपिंडाला जड जातात. आपल्या मनानं नको.

सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं त्याहून वाईट. त्यांत बऱ्याचदा पॅरासिटामॉलही असतं, म्हणजे नकळत दुहेरी डोस. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असा औषध नियंत्रकांचा आदेश २०२३ मधला आहे. २०२५ मध्ये छिंदवाड्याला दूषित खोकल्याच्या सिरपनं लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांपैकी अनेकांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. ती बातमी आपल्या उंबरठ्यावरची आहे. साध्या सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि कोमट पाणी पुरतं.

१५. सुई लावली की ताप लवकर उतरते ना? सलाईन लावा म्हटलं तर डॉक्टर नाही म्हणतात.

तोंडानं घेता येत असेल तर सुईनं काही जास्त मिळत नाही, फक्त दुखतं. पीत असेल तर सलाईनचीही गरज नाही. "नाही" म्हणणारा डॉक्टर धरून ठेवा. प्रत्येक तापाला सुई, सलाईन आणि अँटिबायोटिक देणारा, पदवी न लावलेला "डॉक्टर" चौकात बसत असेल तर त्याच्याकडे लेकरू नेऊ नका. लहानांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही.

१६. दात येताहेत, आणि लसही झाली. हा ताप त्याचाच समजू का?

दात येताना अंग थोडं कोमट होतं, १०१ च्या वर जात नाही. त्यावर गेला तर कारण दुसरं शोधा. मुलींना सर्दी-खोकला काहीच नसताना ताप असेल तर लघवी तपासा, हे कारण फार वेळा सुटून जातं.

लसीचा ताप बहुतेक त्याच दिवशी येतो आणि दोन दिवसांत जातो. पेंटाव्हॅलंट आणि दीड वर्षाच्या डीपीटी बूस्टरनंतर तो सगळ्यात जास्त दिसतो. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर मात्र पाच ते बारा दिवसांनी, कधी हलक्या पुरळासह येतो. लोकांना लस आठवतही नाही तेव्हा. सुई दिली त्या जागी गरम शेक किंवा चोळणं नको. नर्सताईंनी दिलेलं औषध प्रश्न ३ च्या मापानं द्या. पुढची लस यामुळे चुकवू नका.

१७. मे महिन्यात टिनाच्या घरात अंग तापतं. तो ताप आहे की ऊन लागलं?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी टिनाखाली झोपलेल्या लेकराचं अंग १०० दाखवू शकतं. आधी सावलीत, हवेशीर जागी आणा, कपडे काढा, पाणी पाजा आणि अर्ध्या तासानं परत मोजा. उतरलं तर तो ताप नव्हता.

ऊन लागणं म्हणजे उष्माघात, ती निराळी गोष्ट आहे. अंग १०४ च्या वर, कातडी बऱ्याचदा कोरडी-लाल, आणि लेकरू बरळतंय, गुंगीत आहे किंवा झटके देतंय. इथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही, कारण शरीरानं स्वतः ताप चढवलेलाच नसतो; बाहेरची उष्णता आत साचलेली असते. इथे गार पाणी चालतं, चालवायलाच हवं. अंगावर पाणी ओता, ओलं फडकं गुंडाळा, पंख्याखाली धरा, काखेत-जांघेत गार पट्ट्या ठेवा, आणि हे करत करतच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका. खिशातला कांदा आणि कैरीचं पन्हं यांतलं पन्हं कामाचं आहे, तेही ऊन लागण्याआधी.

१८. किती दिवस घरी थांबायचं? तपासण्या कधी करायच्या?

लेकरू पीत-खेळत असेल आणि प्रश्न ११ मधलं काहीच नसेल तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर दाखवा. याला काही अपवाद आहेत.

गडचिरोली, गोंदिया आणि जंगलालगतच्या गावांत पहिल्याच दिवशी मलेरियाची तपासणी. आशाताईंकडे बोटाच्या थेंबानं तपासायचं किट असतं, पंधरा-वीस मिनिटांत कळतं, पैसे लागत नाहीत. तिथला फाल्सिपेरम मलेरिया लेकराला एका दिवसात गंभीर करू शकतो. निदान झालं तर गोळ्यांचा कोर्स पूर्ण द्या, ताप उतरला तरी.

ऑगस्टनंतर शेतात, धुऱ्यावरच्या गवतात लेकरू खेळत असेल तर कपडे काढून अंग तपासा : काख, जांघ, कानामागे, बेंबीभोवती. सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवून "स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप) आहे का?" असं स्वतःहून विचारा. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे खूप रुग्ण निघाले होते. वेळेत ओळखलं तर साध्या औषधानं बरं होतं, ओळखलं नाही तर जिवावर बेततं. खपली दुखत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

१९. आमच्या लेकराला सिकलसेल आहे. त्याच्यासाठीही हेच नियम?

नाहीत. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. तो आजार (एसएस) असलेल्या लेकराला १०१ ताप म्हणजे तातडी. त्यांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. पॅरासिटामॉल द्या, पण वाट न बघता रुग्णालयात न्या, अर्ध्या रात्रीसुद्धा, आणि पोचताच पहिलं वाक्य "सिकलसेल आहे" हे म्हणा. कार्ड सोबत ठेवा. पाच वर्षांच्या आत रोजचं पेनिसिलिन सुरू असेल तर खंड पाडू नका. पाणी भरपूर द्या, अंग गार पडू देऊ नका. गार पट्ट्यांनी दुखणं उठू शकतं. "वाहक" (एएस) असलेल्यांना हे वेगळे नियम लागू नाहीत. विदर्भात घराघरात हा प्रश्न आहे, तरी तपासणी न केलेली लेकरं खूप आहेत. लेकराची तपासणी झाली नसेल तर उपकेंद्रात विचारा.

२०. अंगावर पुरळ आलं. घरचे म्हणतात माता आली, औषध द्यायचं नाही.

कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, घरात शांतता ठेवा, त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण औषध थांबवू नका. ताप, लाल डोळे, खोकला, आणि तीन-चार दिवसांनी कानामागून सुरू झालेलं पुरळ हा गोवर असू शकतो. त्यात न्यूमोनिया होतो आणि डोळे जातात. आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस मिळतात, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

मेळघाटात आजारी लेकराच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. यावर आमचं मत सौम्य नाही : त्यानं जखम होते, जखमेत जंतू जातात, आणि मूळ आजार तसाच राहतो. भुमकाला (गावच्या मांत्रिकाला) बोलवायचं असेल तर बोलवा, त्यानं मंत्र म्हणावा, अंगारा लावावा. पण लोखंड तापवू देऊ नका, आणि गाडी त्याच वेळी दारात उभी असू द्या. मीठ-मोहरीनं दृष्ट काढण्याबद्दल आमची तक्रार नाही. आधी औषध पाजा आणि मग खुशाल दृष्ट काढा.

२१. लेकरू कमी वजनाचं आहे. ताप नाही, उलट अंग गार लागतं, पण नुसतं पडून आहे.

हे तापापेक्षा गंभीर धरा. खूप कुपोषित लेकराच्या शरीरात ताप चढवायचीही ताकद नसते. मोठा संसर्ग असून अंग गार लागतं. काखेत ९५ च्या खाली असेल, किंवा आकडा काहीही असून ते पडून असेल, तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, पीत असेल तर दूध किंवा साखरपाणी द्या, आणि रुग्णालयात न्या. कोमट पट्ट्या, आंघोळ यांतलं काही नको.

२२. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण पोट दुखते म्हणतो, सुस्त आहे.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंगीत धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी यांतलं काहीही दिसलं तर लगेच निघा. पपईच्या पानांचा रस पाजण्यात त्या वेळी एक तासही घालवू नका.

२३. ताप गेला. आता काही पथ्य?

पथ्य नको, उलट जास्त खाऊ घाला. पुढचे दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण वाढवा : वरणभातावर तेल-तूप, अंडं, शेंगदाण्याची चटणी, केळ. आजारात घटलेलं वजन या दिवसांत भरून आलं नाही तर पुढच्या तापाला लेकरू आणखी हलकं सापडतं. एक दिवस पूर्ण ताप नसेल आणि लेकरू खेळत असेल तर अंगणवाडीत पाठवा, आणि तिथे गेलंच आहे तर वजन करून घ्या, पुढच्या वेळी औषधाचं माप काढायला लागेल.